रमाईचा त्याग आमच्या बायकांवर लादू नका

नांदेड-लातूरकडं आपल्या वस्तीतल्या पोराला परदेशातल्या विद्यापीठाचं पत्र आलं की चौकात बॅनर लागतो. एका बाजूला कोटातले बाबासाहेब, दुसऱ्या बाजूला पोरगा. विहारात सत्कार होतो, शाल-पुष्पगुच्छ होतात. ते व्हायलाच पाहिजे, आमची त्याला हरकत नाही. पण त्या सत्कारात एक भाषण ठरलेलं असतं. पोराचं कौतुक करून झालं की वक्ता मागच्या रांगेत लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या त्याच्या बायकोकडं वळतो आणि म्हणतो, ताई, आता तुम्हाला रमाई व्हायचंय. टाळ्या पडतात. त्या ताईला मात्र कुणी काही विचारलेलं नसतं.

आमचं भांडण या भाषणाशी आहे.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले तेव्हा सुभेदार रामजींना जाऊन जेमतेम पाच महिने झाले होते आणि यशवंत सात महिन्यांचा होता. बडोद्याच्या सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती तीन वर्षांसाठी आणि एका माणसासाठी. त्या माणसाला बायको आहे, तान्हं लेकरू आहे, मुंबईत परळच्या चाळीत एक मोठं कुटुंब आहे, याचा त्या हिशेबात पत्ता नव्हता. पुढं १९२० ला ते लंडनला परत गेले ते स्वतःची बचत, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज यांच्या जोरावर. याही वेळी रमाई मागंच. पाच लेकरांतलं एकटं यशवंत जगलं. १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेब किती मोडून पडले होते हे त्यांची पत्रं वाचणाऱ्याला माहीत आहे. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा ग्रंथ रमूला अर्पण केला, यावरून त्यांच्या मनात ते ओझं किती होतं ते समजून घ्यावं.

आता आमचा साधा प्रश्न. रमाई मागं राहिल्या तो त्यांनी निवडलेला मार्ग होता की दुसरा मार्गच नव्हता? पैसा असता, तिकीट असतं, तर बाबासाहेब सात महिन्यांचं लेकरू टाकून एकटे गेले असते का? गरिबीनं आणि जातीनं एका बाईवर जे लादलं त्याला आपण त्याग म्हणतो, त्याची गाणी करतो, आणि मग तेच माप उद्याच्या बाईला लावतो. हा रमाईंचा गौरव आहे, असं आम्हाला वाटत नाही. त्यांचा गौरव करायचा तर त्यांच्यावर जी वेळ आली ती दुसऱ्या कुणावर येऊ नये यासाठी भांडावं लागेल. आणि भांडायची जागा विहाराचा माईक नाही. ती मंत्रालयातला सामाजिक न्याय विभाग आहे.

कारण शंभर वर्षं उलटून गेली तरी शिष्यवृत्ती अजून एकाच माणसाची आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघा, वर्षाला ७५ जागा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज बघा, वर्षाला १२५ जागा आणि त्यात अनुसूचित जातींसाठी ११५. फी, निर्वाह भत्ता, आरोग्य विमा, जाण्या-येण्याचं विमानभाडं, सगळं विद्यार्थ्याचं एकट्याचं. केंद्राच्या योजनेत वयाची मर्यादा ३५ आहे. पस्तिशीपर्यंतचा माणूस आणि त्याला बायको-लेकरं नसतील असं गृहीत धरणारी ही योजना कुणी लिहिली? मुखेड किंवा जळकोटच्या खेड्यातून निघालेला पोरगा बीए, एमए, नेट-सेट, तासिका तत्त्वावरची मास्तरकी असं करत पीएचडीच्या दारात पोचेपर्यंत तिशी ओलांडतो. तोवर लग्न झालेलं असतं, एखाद-दोन लेकरं झालेली असतात. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेतून थेट बाविसाव्या वर्षी विमानात बसणाऱ्याचं आयुष्य डोळ्यांपुढं ठेवून आखलेली योजना आमच्या आयुष्याला लागू केली की असंच होणार.

इंग्लंडचं उदाहरण घेऊ, कारण आपली बरीच पोरं तिकडंच जातात. तिथल्या सरकारनं १ जानेवारी २०२४ पासून वर्षभराच्या साध्या एमए-एमएस्सीला येणाऱ्या विद्यार्थ्यांना बायको-मुलं आणायला बंदी केली. पण दोन दारं उघडी ठेवली. पीएचडी किंवा संशोधनाची पदवी करणारे, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या अभ्यासक्रमाला सरकारी शिष्यवृत्तीवर आलेले, यांना कुटुंब नेता येतं. म्हणजे बापाच्या पैशानं एमएला गेलेल्याला जे मिळत नाही ते सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेल्याला कायद्यानं मिळतं. ही गोष्ट आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? एजंट सांगत नाही, कारण त्याला कमिशन फीवर मिळतं, संसारावर मिळत नाही. आपली शिष्यवृत्ती या सवलतीत बसते का, हे अर्ज करतानाच विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला ईमेल करून लेखी विचारून घ्या.

कायद्यानं दार उघडलं, तरी उंबऱ्यावर पैसे मोजावे लागतात. लंडनमध्ये शिकायचं असेल तर सोबत नेणाऱ्या प्रत्येक माणसामागं महिना ८४५ पौंड, असे नऊ महिन्यांचे, बँकेत सलग २८ दिवस पडून असलेले दाखवावे लागतात. लंडनबाहेर हाच आकडा ६८० पौंड. बायको आणि एक लेकरू धरलं तर लंडनचा हिशेब १५,२१० पौंडांवर जातो, आपले सोळा लाखांहून जास्त रुपये. वर आरोग्य अधिभार माणशी वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा आगाऊ. तीन वर्षांच्या पीएचडीला दोघांचे साडेचार हजार पौंडांहून जास्त तिथंच गेले. व्हिसाची फी वेगळी, विमान वेगळं.

आता गंमत बघा. याच शिष्यवृत्तीला अट आहे की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे. म्हणजे सरकार आधी तहसीलदाराच्या सहीनं खात्री करून घेतं की या घरात पैसा नाही. खात्री पटली की मग म्हणतं, तुला निवडलं, आता बायको-लेकरं न्यायची तर सोळा लाख तुझे तू बघ. मग पोरगा काय करतो? एकतर सासऱ्याला वावर विकायला लावतो, नाहीतर शेकडा तीननं खासगी कर्ज काढून महिनाभर खात्यावर ठेवतो, नाहीतर गुपचूप एकटा निघून जातो. बहुतेक तिसरंच होतं. आणि त्या तिसऱ्याला आपण त्याग म्हणतो.

कुणी म्हणेल, शिष्यवृत्ती शिकायला असते, संसाराला कशी असेल? मग जर्मनीची डीएएडी शिष्यवृत्ती बायको-मुलांसाठी ठरावीक अटींवर भत्ता का देते? अमेरिकेत संशोधनाला जाणाऱ्या प्राध्यापकांच्या फुलब्राइट-नेहरू फेलोशिपमध्ये सोबतच्या कुटुंबीयासाठी भत्ता का असतो? आपल्याच सरकारचा परराष्ट्र सेवेतला अधिकारी बदलीवर जातो तेव्हा बायको-मुलांचं विमान आणि मुलांची शाळा सरकारी खर्चानं होते. तिथं कुणी विचारत नाही की देशाच्या कामाला चाललात, संसार कशाला सोबत? साहेबाचं कुटुंब ही गरज ठरते आणि आपलं कुटुंब ही चैन ठरते. हा फरक कुठून आला, ते आंबेडकरी वाचकाला आम्ही वेगळं सांगायला नको.

उलटा फरक बघायचा तर मुखेड-कंधारच्या तांड्या-वस्त्यांवर दिवाळीनंतर जा. ऊसतोडीला मुकादम एकट्या माणसाला उचल देत नाही. त्याला जोडी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. लेकरं सांभाळायला घरी कुणी नसतं, म्हणून तीही फडावर जातात, त्यांची शाळा बुडते, आणि त्याबद्दल कारखान्याला काहीच वाटत नाही. साखर पाहिजे असते तेव्हा आमचं कुटुंब ट्रकच्या टपावरसुद्धा सोबत चालतं. ज्ञान पाहिजे असतं तेव्हा तेच कुटुंब मागं ठेवावं लागतं. आमच्या बायका-लेकरांनी केव्हा सोबत यायचं आणि केव्हा यायचं नाही हे नेहमी दुसरंच कुणी ठरवतं.

आणि हे फक्त इथलं नाही. इंग्लंडनं ११ मार्च २०२४ पासून म्हाताऱ्या-आजाऱ्यांची सेवा करायला येणाऱ्या केअर वर्करना कुटुंब आणायला बंदी केली. त्यांचे म्हातारे धुवायला-पुसायला परक्या बाया चालतात, त्या बायांची लेकरं चालत नाहीत. स्वतःच्या नागरिकाला परदेशी नवरा-बायको आणायची तर वर्षाला २९,००० पौंडांची कमाई दाखवावी लागते, २०२४ च्या एप्रिलपर्यंत हा आकडा १८,६०० होता. दुबई-शारजाला कामाला गेलेल्या आपल्या आयटीआयच्या पोरांना विचारा. पगार ४,००० दिऱ्हम, किंवा ३,००० आणि वर राहायची सोय, एवढं असेल तरच बायको आणता येते. सगळीकडं संसाराला पगाराची अट आहे. गरिबानं राबावं, पण त्याचा संसार त्यानं दूर कुठंतरी ठेवावा.

आता आपल्या माणसांच्या आक्षेपाकडं येऊ. तो असा की कुटुंब घेऊन गेलेला परत येत नाही, समाजाचं ऋण विसरतो, म्हणून बायको-लेकरं इथं असलेली बरी, त्या ओढीनं तरी येईल. हे आम्ही कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकलं आहे, चांगल्या वाचलेल्या कार्यकर्त्यांच्या. शांतपणे विचार करा की आपण काय बोलतोय. आपण म्हणतोय की बाई आणि लेकरू समाजाकडं तारण म्हणून ठेवा. सावकार भांडी ठेवून घेतो, आपण बायको ठेवून घेतो. ज्या चळवळीनं हिंदू कोड बिलासाठी कायदेमंत्रिपदावर पाणी सोडणारा नेता दिला त्या चळवळीत हा विचार कुठून शिरला?

शिवाय हा आक्षेप खरा तरी आहे का? पंजाबातले आपले बांधव बघा. विसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडच्या ओतकाम कारखान्यांत, गिरण्यांत राबायला गेलेले चर्मकार, वाल्मीकी, बौद्ध. १९६२ च्या कायद्यानं कामगारांच्या येण्यावर लगाम घातला, पण आधीच गेलेल्यांना बायको-मुलं आणायची मुभा राहिली, आणि त्यांनी ती आणली. तिथं कुटुंबं रुजली म्हणून बेडफर्डला, वुल्व्हरहॅम्प्टनला गुरुघरं आणि विहारं उभी राहिली. जयंत्या होऊ लागल्या. लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोडचं बाबासाहेबांचं घर विक्रीला निघालं आहे ही खबर देऊन महाराष्ट्र सरकारच्या मागं लागणारे तिथलेच आंबेडकरवादी होते. २०१५ साली सरकारनं ते घर घेतलं. कुटुंब घेऊन गेलेली ही माणसं समाजाला विसरली का? एकटा गेलेला विद्यार्थी एका खोलीत चार जणांबरोबर राहतो, व्हिडिओ कॉलवर लेकराचं रडणं बघतो आणि डोकं अर्धं इकडं ठेवून प्रबंध लिहितो. त्याच्याकडून कसली संघटना उभी राहणार?

अमेरिकेत तर कुटुंबाच्या दारातून कोण गेलं हे उघड आहे. १९६५ च्या कायद्यानं तिथं शिकलेल्या भारतीयांना दार उघडलं, आणि त्याच कायद्यानं नातेवाइकांना प्राधान्य दिलं. आधी डॉक्टर-इंजिनिअर गेले. ते कोणत्या जातींचे होते हे सांगायला नको. मग त्यांनी बायको नेली, मुलं नेली, नागरिक झाल्यावर भाऊ-बहीण आणि आई-बाप नेले. २००३ साली पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा तिथल्या भारतीयांत दलित आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या जाती मिळून दीड टक्का निघाल्या, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त वरच्या जातींचे. आरक्षणाला फुकटेपणा म्हणणारी घराणी साठ वर्षं नात्याच्या व्हिसावर साखळी करून जात आली, त्याला कुणी फुकटेपणा म्हणत नाही. आपला एक माणूस गेला तर तो एकच राहतो, परत येतो, आणि साखळीची पहिली कडीही तयार होत नाही.

सर्वात जास्त झळ आपल्या शिकलेल्या बायांना बसते. नवऱ्याला बायकोला मागं ठेवून तरी जाता येतं. बाईला लेकरू मागं ठेवून जायचं म्हटलं की माहेर-सासर दोन्ही अंगावर येतात. नॅशनल ओव्हरसीजमध्ये ३० टक्के जागा महिलांसाठी आहेत, छान आहे. पण तीन वर्षांच्या लेकराच्या आईला त्या जागेचा उपयोग काय, जर लेकराचा खर्च कुठंच धरलेला नसेल? आणि नवऱ्यानं सोबत जावं म्हटलं तर आपले पुरुष म्हणतात, बायकोच्या व्हिसावर जाऊ का? जा की. लातूरला बघा, दहावीनंतर पोराला लातूर पॅटर्नच्या क्लासला टाकलं की खेड्यातली आई दोन वर्षं भाड्याच्या खोलीत राहून त्याचा डबा करते. पोरासाठी बाईनं घर सोडलेलं चालतं, बायकोच्या पीएचडीसाठी पुरुषानं सोडलेलं चालत नाही. यात मनुवाद दुसऱ्या कुणाच्या घरात शोधायची गरज नाही.

आणि मागं ठेवायचं म्हणजे कुठं? याच नांदेड जिल्ह्यात १९७८ साली नामांतराच्या काळात टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. ते जुनं झालं म्हणाल तर १ जून २०२३ ला नांदेड शहराला लागून असलेल्या बोंढार हवेलीत आपल्या तरुणाचा खून झाला, गावात भीमजयंती काढल्याचा राग त्यामागं असल्याचा आरोप आहे. अशा गावांत घरातला शिकलेला, बोलणारा, पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज देणारा माणूस तीन-चार वर्षं नसणं म्हणजे काय, हे तिथं राहणाऱ्या बाईलाच ठाऊक.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि नॅशनल ओव्हरसीज या दोन्हींत विवाहित विद्यार्थ्यांसाठी जोडीदार आणि दोन मुलांचा निर्वाह भत्ता, आरोग्य अधिभार, व्हिसा फी आणि एकदाचं विमानभाडं धरावं. एकट्या आईला किंवा एकट्या बापाला यात पहिला हक्क द्यावा. व्हिसासाठी सरकार जे हमीपत्र देतं त्यात कुटुंबाच्या खर्चाची हमी स्पष्ट लिहावी, म्हणजे बँकेत सोळा लाख दाखवायचा फास सुटेल. पैसा कुठून आणायचा, असं विचारणाऱ्यांना आधी अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी दुसरीकडं वळवल्याचा हिशेब मागा.

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर देश निवडताना डोळे उघडे ठेवा. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-२ व्हिसा मिळतो, पण त्यावर काम करता येत नाही. म्हणजे एका भत्त्यावर अख्खं घर. कॅनडानं जानेवारी २०२५ पासून जोडीदाराला कामाची परवानगी पीएचडी, १६ महिने किंवा त्याहून मोठे मास्टर्स आणि काही व्यावसायिक पदव्या एवढ्यापुरतीच ठेवली, त्यामुळं वर्षभराच्या कोर्सला भुलू नका. ऑस्ट्रेलियात मास्टर्स-पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला कामाच्या तासांची मर्यादा नाही. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, पण बायकोला साधारणपणे आधी ए-१ पातळीचं जर्मन शिकून परीक्षा द्यावी लागते, आणि ते नांदेडात बसून ऑनलाइन शिकता येतं. हे नियम वरचेवर बदलतात, त्या-त्या सरकारच्या वेबसाइटवर तपासा, व्हॉट्सअॅपवर नाही.

आणि कागद. विहारात बौद्धाचार्यांनी लावलेल्या लग्नाचा फोटो व्हिसा अधिकारी धरत नाही, त्याला नोंदणीचा दाखला लागतो. आपली लग्नं अजून हिंदू विवाह कायद्याखाली मोजली जातात, ते भांडण वेगळं आहे आणि ते करायचंच आहे, पण त्यासाठी नोंदणी अडवून धरू नका. गावात ग्रामसेवक ती करतो. लेकराच्या जन्मनोंदीत बऱ्याचदा नुसतं 'मुलगी' एवढंच असतं, नाव नसतं, ते आताच टाकून घ्या. जन्माची नोंदच नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो, त्यात महिने जातात. बाईचं टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर तिसरंच, हे ऑफर लेटर आल्यावर दुरुस्त होत नाही. पासपोर्टचं केंद्र आता नांदेडलाही आहे आणि लातूरलाही, डाकघरातच. पोराचा अर्ज भरता त्याच दिवशी बायकोचा आणि लेकरांचाही भरा.

वस्तीत जयंतीच्या वर्गणीतून डीजेला जेवढे जातात त्यात वीस-पंचवीस घरांचे पासपोर्ट निघतात. येत्या १४ एप्रिलच्या आधी आपल्या मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्या. आणि त्या बैठकीला बायांना बोलवा, त्यांना विचारा की त्यांना जायचंय का.

जय भीम.